आठव्या रात्रीनंतरच्या गोगलगायी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात कमरेच्या डॉक्टरांनी आठांपैकी तीनच अंगांना वाकायची परवानगी दिली आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की अजून त्यांच्या आधी घरात शिरतो? इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहून टाकतो. पुढचं वाचल्यावर ते वाक्य तू खोडलंस तरी माझी हरकत नाही.

फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापलीकडे जाऊ देत नाहीस, हा माझा अर्ध्या शतकाचा अनुभव आहे. शिवाय आमच्या धंद्यात तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. आधीच सांगतो, तुझ्याकडून काही हवंय म्हणून हे पत्र नाही. एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे, एवढंच. माझ्या एकुलत्या एक शोधलेखावर येत्या पंचवीस तारखेला पिवळी पट्टी लागणार आहे. पट्टीवर 'या लेखाबाबत शंका प्रलंबित' असं लिहिलेलं असेल, आणि ती जगातल्या कुणालाही, कुठूनही, फुकट दिसेल. ज्या लेखावर मला ही नोकरी लागली तोच हा लेख, हे तुला ठाऊक आहे. पट्टीची कल्पना माझी. रंगसुद्धा मीच निवडला होता.

हे सगळं झालं आमच्या फौजदारामुळे. (तुझी भाची. आता अकरा पूर्ण. परवा तिने मला विचारलं की मी दाढी करताना तोंड का वाकडं करतो, आणि उत्तर वहीत लिहून घेतलं.) तिच्या वर्गाच्या बाईंनी एक उपक्रम काढला आहे. दर शुक्रवारी एका पालकाने येऊन वीस मिनिटांत आपलं काम मुलांना समजेल अशा भाषेत सांगायचं. माझ्या आधी एका मुलाचे वडील आले होते, ते अग्निशमन दलात आहेत. त्यांनी हेल्मेट आणलं आणि सगळ्यांच्या डोक्यावर घालून पाहिलं. एका मुलीची आई बेकरी चालवते, ती गरम पाव घेऊन आली. एका दंतवैद्याने हातभर मोठा प्लास्टरचा जबडा आणला, त्यात एका मुलाचं बोट अडकलं, आणि तो कार्यक्रम आजवरचा सर्वांत यशस्वी ठरला. अशा मंडळींनंतर मी जाणार होतो हातात गोगलगायींच्या शोधपत्रिकेचा एक अंक घेऊन. निघताना तुझ्या भावजयीने एकच सल्ला दिला, "स्वतःबद्दल बोलू नका." मी हो म्हटलं. तिचा सल्ला ऐकल्याने आजवर नुकसान झाल्याचं एकही उदाहरण नाही, पण ऐकल्याचंही फारसं नाही.

आमची कचेरी तू पाहिलेली नाहीस. लाँड्रीच्या वर दोन खोल्या. खालच्या इस्त्रीची वाफ जमिनीच्या फटींतून वर येते, त्यामुळे आमच्या अंकांना कधी सुरकुती पडत नाही. एका खोलीत मोठ्या बाई बसतात, म्हणजे आमच्या मुख्य संपादक. वय सत्तर. गोगलगायीच्या दातांवर जगात ज्यांचा शब्द चालतो अशा चार माणसांपैकी एक. (बाकीच्या तिघांशी त्यांचं बोलणं नाही.) दुसऱ्या खोलीत मी, कार्यकारी संपादक, आणि आठवड्यातून दोन दिवस संकेतस्थळ सांभाळणारा एक तरुण, जो माझ्याकडे बघताना डोळे अर्धवट मिटतो, जसे आपण जुन्या यंत्राकडे बघताना मिटतो. वर्षाला चार अंक निघतात. एवढ्यावरून माझं काम काय हे शेजाऱ्यांना सतरा वर्षांत कळलेलं नाही. ते मला प्रेसवाला समजतात, आणि लाँड्री खालीच असल्यामुळे दोनदा माझ्याकडे पँटी आल्या आहेत.

तर मुलांना मी असं सांगितलं. काही माणसांना एखादी नवी गोष्ट कळली की ती लिहून काढल्याशिवाय चैन पडत नाही. ती लिहून आमच्याकडे पाठवतात. आम्ही लेखकाचं नाव झाकतो आणि लेख त्याच विषयातल्या दोन अनोळखी जाणकारांकडे धाडतो. त्यांना परीक्षक म्हणतात. परीक्षकांची नावं लेखकालाही कळत नाहीत, त्यामुळे त्यांना मनातलं मोकळेपणी लिहिता येतं. पहिला परीक्षक लिहितो, उत्तम, दोन स्वल्पविराम तेवढे बदला. दुसरा लिहितो, हे सगळं पहिल्यापासून करा, आणि करण्याआधी अमक्या विद्वानाचे तीन लेख वाचा. (तो विद्वान कोण, हे नाव झाकूनही कळतंच.) लेखक चार दिवस जेवत नाही, मग सुधारून पाठवतो, आणि असं दोन-तीनदा झालं की लेख छापला जातो. मुलांना हे फार आवडलं. आम्ही लगेच प्रयोग केला. पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने शोध मांडला की शाळेची घंटा रोज तीन मिनिटं उशिरा वाजते. दोन परीक्षक दाराबाहेर उभे केले आणि चिठ्ठ्या मागवल्या. एका चिठ्ठीत होतं, 'छान.' दुसरीत होतं, 'कुणाच्या घड्याळाने?' मी म्हटलं, बाळांनो, ही दुसरी चिठ्ठी म्हणजे विज्ञान. तेव्हा मी हे अगदी मनापासून म्हटलं होतं.

मग आलं कुलपाचं प्रकरण. पूर्वी अंक छापून झाला की आम्ही त्याला कुलूप लावत असू. म्हणजे वाचायचा तर वर्गणी भरा. लिहिणाऱ्याला आम्ही काही देत नव्हतो, तपासणाऱ्यालाही काही देत नव्हतो, वाचणाऱ्याकडून मात्र घेत होतो. "मग पैसे कुणाला मिळायचे?" असं बेकरीवालीच्या मुलीने विचारलं. (घरी दुकान असलं की माणूस मुद्द्यावर लवकर येतो.) मी म्हटलं, बहुतेक कुलपालाच. वर्गात कुणी हसलं नाही, कारण मुलांना ते खरंच वाटलं, आणि आता मलाही तसंच वाटतंय. पुढे जगात काही शहाणी माणसं म्हणाली की शोध लागतात लोकांच्या पैशातून, मग लोकांनाच ते वाचता येऊ नयेत हे काय? तेव्हापासून खुल्या शोधपत्रिका निघाल्या. कुणीही या, वाचा, फुकट. आता फुकट म्हटलं तरी कुणीतरी भरतंच. काही पत्रिकांनी वाचकाच्या दाराचं कुलूप काढलं आणि लेखकाच्या दाराला लावलं, छापून हवं तर तुम्ही भरा. त्यातून काही भामटे असे निघाले की पैसे टाकलेत तर ते गोगलगायीला पंख असतात असंही छापतील, मंगळवारी पाठवा, शुक्रवारी घ्या, परीक्षक वगैरे काही नाही. ("मग ते तपासतात काय?" "नोटा," असं दंतवैद्याचा मुलगा म्हणाला. त्याला बाईंनी खाली बसवलं.) आमच्याकडे दोन्ही दारं उघडी आहेत. खर्च विद्यापीठ सोसतं, आणि उरलेला गोगलगायींवर जीव असलेल्या दीडशे माणसांची एक संस्था सोसते. म्हणूनच आमच्याकडे पंखा लाँड्रीवाल्याचा आहे.

आणि या खुल्या कारभाराची अट एकच, असं मी सांगितलं. घ्या, वाचा, नक्कल करा, दुसऱ्या भाषेत न्या, वर्गाच्या भिंतीला चिकटवा. फक्त काम ज्याने केलं त्याचं नाव लिहा. बाकी सगळं फुकट, नाव तेवढं द्यायचं. हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या: 'काम ज्याचं, नाव त्याचं.' ताई, या ओळीचं हस्ताक्षर माझं होतं हे कृपया लक्षात ठेव. मी ते विसरायचा बराच प्रयत्न केला आहे.

इथे थांबलो असतो तर आज हे पत्र तुझ्या गुडघ्यावरच संपलं असतं. पण नऊ मिनिटं उरली होती, मागच्या बाकांवर जांभया सुरू झाल्या होत्या, आणि ते हेल्मेट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तेव्हा मी उदाहरण म्हणून स्वतःचा लेख काढला.

आपलं जुनं घर, मागची बाग, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तुझ्या लाल नेलपॉलिशने मी वीस गोगलगायींच्या पाठीवर आकडे घातले. ('बाटली संपवलीस तर तुझ्याही पाठीवर घालीन,' असं तू म्हणाली होतीस. हे मी वर्गात गाळलं.) रोज संध्याकाळी त्या वीसजणींना भिंतीपलीकडे निवृत्त पोस्टमास्तरांच्या कोबीत सोडायचं, आणि सकाळी सहाला त्यांतल्या किती आपल्या कुंड्यांत परत आल्या ते मोजायचं. ज्या आल्या नसतील त्या पलीकडे जाऊन शोधून आणायच्या, म्हणजे संध्याकाळी पुन्हा वीस. गोगलगायीला घर कळतं का, एवढाच साधा प्रश्न होता. पोस्टमास्तरांना मात्र तो प्रयोग वाटत नव्हता, हल्ला वाटत होता. ते मिठाचा डबा घेऊन कोबीत फिरायचे. पहिल्याच आठवड्यात आपले दोन क्रमांक त्यांच्या मिठाला बळी पडले, आणि त्या दिवशी तू माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाहीस, जणू मीठ मी टाकलं होतं. (त्या जागी मी नवी भरती केली. विज्ञान थांबत नसतं.) आणि आठव्या दिवशी संध्याकाळी, वीसच्या वीस पलीकडे सोडून परत येताना, मी त्या भिंतीवरून पडलो. घोट्याचं हाड मोडलं. महिनाभर प्लास्टर.

हे पडणं मी वर्गात करून दाखवलं. एका पायावर उड्या मारल्या, खुर्चीचा पोस्टमास्तर केला, डस्टरचा मिठाचा डबा केला. मुलं हसून हसून बाकांखाली गेली. बाई रुमालात हसल्या. हेल्मेट, पाव, जबडा, सगळं मागे पडलं. आणि त्या भरात मी माझा शोधलेख पडद्यावर लावला. तक्ता क्रमांक एक. तीस दिवस, तीस आकडे. पहिले आठ दिवस वीसपैकी तीन, चार, दोन, पाच, असे रडतखडत. नवव्या दिवसापासून पंधरा, सतरा, सोळा, अठरा. एकविसाव्या दिवशी तर वीसपैकी वीस. यावरूनच तुझ्या भावाने निष्कर्ष काढला की आठ रात्रींच्या सरावानंतर गोगलगाय वाट शिकते. माझं जगात जे काही नाव आहे ते या वाक्यावर आहे. सहा विद्वानांनी आपापल्या लेखांत त्याचा हवाला दिला आहे. (त्यांतले दोघे असहमत आहेत, पण हवाला तो हवालाच.) आणि तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे: 'सर्व निरीक्षणे लेखकाने स्वतः, रोज सकाळी सहा वाजता, बागेत उभे राहून केली.'

दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला.

"काका, तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता ना?"

"होता की."

"मग तुम्ही बागेत उभे कसे राहिलात?"

ताई, हा लेख दोन परीक्षकांनी तपासला होता. एका संपादकाने, एका मुद्रितशोधकाने वाचला होता. शेवटी आभारांत मी हाडांच्या डॉक्टरांचेही आभार मानले आहेत, आणि गोगलगायींच्या प्रयोगात हाडांच्या डॉक्टरांचं काय काम, हे अठ्ठावीस वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही. मी म्हटलं, खिडकीतून बघायचो. तेव्हा आमची फौजदार उठून उभी राहिली. आपली बाजू घ्यायला उठली असं मला अर्धा क्षण वाटलं. "बाबा, जुन्या घरातली तुमची खिडकी रस्त्याकडे होती. आत्याने सांगितलंय." मग मी म्हटलं, बरं, आत्या मोजायची. "मग आत्याचं नाव कुठंय?" असं तिने विचारलं, आणि फळ्याकडे बोट दाखवलं. त्या दोन रेघा मी उगाच मारल्या.

बाईंनी परिस्थिती सावरण्यासाठी आभारांचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, आत्या तिथे असतील या आशेने. शेजाऱ्यांचे आभार, डॉक्टरांचे आभार, आणि 'नेलपॉलिश उपलब्ध करून दिल्याबद्दल कुटुंबीयांचे आभार.' कुटुंबीयांचे, अनेकवचनी. म्हणजे त्या बाटलीचं श्रेयसुद्धा मी तुला एकटीला दिलेलं नव्हतं.

इथवर झालं असतं तरी मी घरी येऊन चहा पिऊन विसरलो असतो. पण गेल्या वर्षी आम्ही जुने सगळे अंक खुले केले, तेव्हा प्रत्येक लेखाखाली 'वाचकांच्या शंका' अशी एक पेटी बसवली. तीही माझीच कल्पना. नियम असा की कुणीही शंका टाकावी, तीस दिवसांत उत्तर मिळेल, न मिळाल्यास लेखावर पिवळी पट्टी. वर्षभरात त्या पेटीत तीन शंका आल्या होत्या, त्यांतली एक लाँड्री कधी उघडते अशी होती. वर्गाच्या बाईंनी शनिवार-रविवारचा गृहपाठ म्हणून ती पेटी दिली. सोमवारी सकाळी माझ्या लेखाखाली एकोणतीस शंका होत्या. क्रमांक सातचं पुढे काय झालं? पोस्टमास्तर अजून रागावलेत का? नेलपॉलिशचा वास गोगलगायींना आवडतो का? आत्याला सकाळी सहाला कुणी उठवायचं? तुम्ही आत्याला सॉरी म्हणालात का? (ही एकट्या दुसऱ्या बाकावरून चारदा.) फौजदाराच्या दोन होत्या. पहिली नावाची. दुसरी खाली कुठेतरी लिहीन, जागा उरली तर.

मी मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, अहो, पाचवीतली मुलं आहेत, पेटी रिकामी करून टाकू. बाईंनी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा त्यांना समोरचं दिसत नाही, त्यामुळे त्या जास्त स्पष्ट बोलतात. "शंका विचारणाऱ्याचं वय किती असावं, हे नियमात कुठे लिहिलंय?" लिहिलेलं नव्हतं. "नियम कुणी लिहिला?" मी लिहिला होता. "मग? दुरुस्ती छापा. नाव घाला. ज्यांचं नाव घालायचं त्यांची लेखी संमती आणा. आणि उत्तरं द्या, एकोणतीसच्या एकोणतीस. क्रमांक सातचंसुद्धा." मी म्हटलं, नोकरीचा प्रश्न येईल. त्या म्हणाल्या, "येऊ द्या. प्रश्न आले की उत्तरं देणं हेच तुमचं काम आहे." मग थोड्या नरमल्या आणि म्हणाल्या, दुरुस्ती झाली तर नोकरीला काही होणार नाही, पट्टी लागली तर मात्र विद्यापीठ विचारेल. हे सांत्वन होतं की तारीख, ते मला अजून कळलेलं नाही.

तुला गंमत सांगतो. कुलूप होतं तोवर माझी अब्रू सुरक्षित होती. अठ्ठावीस वर्षांत तो लेख पुरता वाचणारे फार तर आठजण, त्यांत मी दोनदा. खुला झाला, त्यात या शंका आल्या, आणि एका आठवड्यात तो लाँड्रीवाल्याने मोबाईलवर वाचला. फुकट आहे म्हटल्यावर वाचला, असं तोच म्हणाला. काल जिना चढताना त्याने मला अडवलं, "साहेब, ताईंचं नाव घातलंत का?" मी म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. तो म्हणाला, "मोजायला काय लागतं असं समजू नका. मी रोज दोनशे शर्ट मोजतो. एक चुकला की घरी जाता येत नाही."

मला तेव्हा नेमकं असंच वाटलं होतं, की मोजायला काय लागतं. मी बावीसचा होतो. आकडे गोगलगायींचे, विचार माझा, मधे तू फक्त उठायचीस. संध्याकाळी पलीकडे सोडायचं कामही तुझ्याकडेच आलं. सकाळी सहाला मोजून, न आलेल्या शोधून आणून, ओल्या चपलांनी तशीच आत येऊन, माझ्या उशाशी चिठ्ठी ठेवून तू सातच्या आत बस आगाराच्या कचेरीत वेळापत्रकं आखायला जायचीस. बावीस दिवस. एकदाही उशीर नाही, एकही खाडाखोड नाही. चिठ्ठीवर फक्त आकडा आणि खाली कंसात 'चहा गार झाला असेल तर दोष तुझा.' लेख छापून आला तेव्हा मी तुला अंक दाखवला. तू तो चाळलास, छान झालाय म्हणालीस, आणि शेवटचं पान जरा जास्त वेळ बघत राहिलीस. मला वाटलं होतं तुला छपाई आवडली.

असो. हे मी कुठल्या भावनेने लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो. पट्टी लागली तर लागली. पिवळा रंग तसा प्रसन्न असतो. तू जिवाला लावून घेऊ नकोस, आणि माझ्यासाठी काही करायलाही जाऊ नकोस. भाऊजींना नमस्कार, त्यांच्या खोकल्याला लवकर निरोप. गुडघ्याला तेल लाव आणि तुला पटत नसलं तरी जिना टाळ. कागद संपत आला, मीही थांबतो.

तुझा,
(नाव लिहीत नाही. सध्या त्या विषयावर घरात वातावरण तापलेलं आहे.)
धाकटा

ता. क. : सोबत एक संमतीपत्र जोडलं आहे. सहज जोडलं आहे. दोन ठिकाणी फुल्या मारल्या आहेत तिथे सही कर, आणि परतीच्या पाकिटात घाल. पाकिटाला तिकीट लावलं आहे, पत्ता लिहिला आहे, डिंकही ओला करायची गरज नाही, नव्या पद्धतीचं आहे. घाई मुळीच नाही. बावीस तारखेला टाकलंस तर चोवीसला पोचतं. मी टपाल कचेरीत दोनदा विचारून आलो.

आणखी एक ता. क. : संमतीपत्रात 'योगदान' असा रकाना आहे. तिथे मी 'निरीक्षणांत साहाय्य' असं लिहिलं होतं. फौजदाराने ते खोडून 'बावीस दिवस मोजलं' असं लिहिलं. मी तक्रार घेऊन मोठ्या बाईंकडे गेलो, त्यांनी तेच कायम केलं आणि वर सांगितलं की आमच्याकडे नावांचा क्रम कामाप्रमाणे असतो. आठ दिवस माझे, बावीस तुझे. म्हणजे तुझं नाव आधी, माझं नंतर. त्या सहा विद्वानांना यापुढे तुझ्या नावाने हवाला द्यावा लागेल. तुझी भावजय हे ऐकून इतकी खूश झाली की रात्रीच्या जेवणात मला दुसऱ्यांदा भात वाढला.

शेवटचा ता. क. : फौजदाराची दुसरी शंका लिहायची राहिली. जागा उरली आहे, म्हणून लिहितो. 'आठव्या दिवसापर्यंत वीसपैकी पाचच्या वर एकदाही आल्या नाहीत. आत्या मोजायला लागल्यावर लगेच पंधरा आल्या. गोगलगायी शिकल्या की माणूस बदललं?' याला उत्तर द्यायला मी असमर्थ आहे, कारण मी प्लास्टरमध्ये होतो. सहीच्या वर एक छापील ओळ आहे: 'सर्व नोंदी प्रत्यक्ष निरीक्षणाच्या असून त्यांत कोणताही हस्तक्षेप झालेला नाही.' सही करण्याआधी ती नीट वाच. पोस्टमास्तर साडेसहाला मिठाचा डबा घेऊन बाहेर पडायचे आणि तू सहाला उठायचीस, एवढंच मी इथे नोंदवतो. मोजण्याआधी तू गोगलगायींना उचलून आणत नसशील, तर सही कर. आणत असशील, तर सही करू नकोस, तसं लिहून कळव. मग पट्टी नाही, अख्खा लेखच मागे घ्यावा लागेल, त्या सहाजणांना माझ्या हाताने पत्रं लिहावी लागतील, आणि वर्गातल्या सगळ्या मुलांना मी शाळेत जाऊन सांगेन. मात्र फोन करू नकोस. फोनवर तू हसशील, आणि हसण्याची नोंद धरत नाहीत. एक खरं सांगतो. एकविसाव्या दिवशी चिठ्ठीत वीसपैकी वीस होत्या, म्हणजे पलीकडे आणायला जाण्यासारखी एकही उरली नव्हती. आणि त्या सकाळी तुझ्या चपलेला कोबीचं पान चिकटलेलं होतं. मी ते उशीवरून पाहिलं होतं. विचारलं नाही. आकडा फार सुंदर होता.